मागच्या शॉकअपचे दोन खटके

पाऊस असा लागला होता की समोरचा रस्ता कुणी ओल्या फडक्याने पुसून टाकावा तसा दिसेनासा झाला होता. ती पेट्रोल पंपाच्या छपराखाली उभी होती. हातात बेअरिंगचा पुठ्ठ्याचा खोका. खोका भिजला तर बाप दिवसभर बोलून दाखवणार, म्हणून तो तिने शर्टाच्या आत पोटाशी धरला होता, जसं काही लेकरूच.

छपराखाली एक जीप उभी होती. उंच चाकं, टपापर्यंत चिखल, आरसा दोरीने बांधलेला. जीपवाल्याने तिच्याकडे पाहिलं, पावसाकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं.

"कुठे सोडू?"

"सोडायला तुम्ही धरलंय कुठे?"

तो हसला. हसताना त्याचे आधी डोळे हसायचे अन् मग तोंड. अशा माणसापासून बाईने चार हात लांब राहावं. पण सांगतं कोण, अन् ऐकतं कोण. ती बसली.

पुलाच्या अलीकडे खड्डा होता. तो तिला ठाऊक होता, त्याला ठाऊक होता, फक्त पावसाने झाकला होता. जीप आत गेली, बाहेर आली, अन् तिचं डोकं दण्णकन टपाला लागलं.

"लागलं का?"

"नाही हो. छप्पर जवळून बघत होते." ती डोकं चोळत म्हणाली. "या गाडीला शॉकअप आहेत, की रजेवर गेलेत?"

"आहेत. म्हणजे... होते."

"होते, असं माणसाबद्दल म्हणतात. गाडीबद्दल नाही. उद्या गॅरेजला आणा."

"कुठल्या?"

"जिथे मला आता सोडताय तिथे."

गॅरेज तिच्या बापाचं. बाप इंजिन बघायचा, अन् गाडीखालचं सगळं ती बघायची. बाप वाकू शकत नव्हता अन् ती वाकायला कधी लाजली नव्हती. तिशी जवळ आलेली. दोन स्थळं आली होती. दोघांचंही म्हणणं एकच, लग्नानंतर हात काळे करायचे नाहीत. हात काळे केलेले चालत नाहीत, तोंड काळं केलेलं चालतं, असलेच लोक ते. तिने दोघांनाही चहा पाजून वाटेला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी जीप आली. तिने जॅक लावला, खाली सरकली, अन् खालूनच म्हणाली, "मेलेत. चारही. तेल गळून कोरडे पडलेत."

"मग आता?"

तिने नव्या तऱ्हेचे शॉकअप दाखवले. जाड नळी, अन् नळीच्या बुडाशी बोटाएवढं एक चाक. चाक उजवीकडे फिरवलं की गाडी कडक होते, डावीकडे फिरवलं की नरम. एकेक घर सरकलं की टक् असा खटका वाजतो.

"ओझं असेल तर कडक करायचं, रिकामी असेल तर नरम. रस्ता बघायचा अन् फिरवायचं. ज्याला कळतं त्याच्यासाठी चांगलं आहे."

इंजिनात डोकं घातलेला बाप तिथूनच बोलला, "जेवढं जास्त फिरवायला, तेवढं जास्त बिघडायला."

"बाबा, तुम्ही रेडिओसुद्धा एकाच जागी ठेवता."

"म्हणून तो वाजतो."

जीपवाला हसला. मग नळीवरून बोट फिरवत त्याने विचारलं, "यात मागे... कुणी झोपून जाणार असेल, तर त्याला दणके बसणार नाहीत ना?"

"तुम्ही मागे झोपणार? मग गाडी कोण चालवणार?"

तो परत हसला. नळी जागेवर ठेवली.

ज्या घडीला सांगायचं, त्या घडीला माणूस नुसताच हसला, तर समजावं की त्याने काहीतरी गिळलं. पण हे कळायला वय लागतं, अन् वय झालं की मग कळून उपयोग नसतो.

तो डोंगरावरच्या तलावाचा रखवालदार होता. पाणी किती चढलं ते बघायचं, दरवाजे उघडायचे, मिटायचे. राहायलाही वरच, सरकारी खोल्यांत. आठवड्याच्या सामानाला खाली यायचा. ती त्याला तलाववाले म्हणायला लागली. तो तिला मिस्त्रीणबाई म्हणायचा, अन् असा म्हणायचा की त्यात बाई थोडी अन् हसू जास्त.

शॉकअप बसवल्यावर गाडी रस्त्यावर घालून बघावी लागते. गावाबाहेर बंद पडलेली दगडाची खाण होती. तिथला रस्ता म्हणजे नुसती हाडं. तो चालवायचा, ती शेजारी बसायची. खड्डा गेला की ती डोळे मिटून अंदाज घ्यायची, मग "थांबवा" म्हणायची, खाली उतरून गाडीखाली सरकायची, अन् टक्, एक खटका फिरवायची.

"आता बघा."

"आता चांगली वाटते."

"तुम्हाला सगळंच चांगलं वाटतं. मघाशी पण चांगली वाटत होती."

"मघाशी पण तू शेजारी होतीस."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. खाणीत पावसाचं पाणी साचलं होतं, त्यात ढग पडला होता. ‘तुम्ही’ची ‘तू’ कधी झाली ते तिच्या लक्षात आलं होतं. पण लक्षात आलंय, हे दाखवायला ती काय कालची पोर नव्हती.

मनासारखं जमलं की ती नखाच्या लाल रंगाचे दोन ठिपके द्यायची. एक चाकावर, एक नळीवर, समोरासमोर. तो रंग तिने एकदा हौसेने घेतला होता, पण ग्रीसच्या हातांवर तो काय टिकणार. मग गाड्यांना लावायला लागली. ठिपके समोरासमोर असले म्हणजे चाक जागेवर आहे. सरकले म्हणजे कुणीतरी हात लावलाय.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो हजर.

"मागे जरा आपटतेय गं."

ती गाडीखाली सरकली. मागच्या दोन्ही चाकांचे ठिपके एकेका घराने सरकलेले. चाकावरचा चिखल पुसलेला, अन् त्या पुसलेल्या जागी अंगठ्याचा ठसा, इतका स्वच्छ की पोलिसालाही इतका मिळाला नसता.

ती तिथेच पडल्या पडल्या गालात हसली. बाहेर आली तेव्हा तोंड एकदम सरळ.

"रस्त्याच्या हादऱ्याने फिरलं असेल," ती म्हणाली.

"असं होतं का?"

"काही गाड्यांना होतं."

असं कुठल्याच गाडीला होत नाही. तिला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. बाप खोकला, म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. अन् परत ती दोघं खाणीवर.

मग हे चालूच राहिलं. तो वरून निघताना चाक एक घर फिरवायचा, ती खाली आणून सरळ करायची. कधी त्याने वाटेत तोडलेली रानफुलं डॅशबोर्डवर असायची. कुणासाठी ते तो सांगायचा नाही, अन् जाताना ती तिच्या पान्यांच्या डब्यात राहायची. एकदा ती गाडीखालून निघाली तर त्याने आपल्या रुमालाने तिच्या कपाळावरचं ग्रीस पुसलं. पुसलं कसलं, आणखी फासलं. दोघंही बघत राहिले. पावसाचे चार थेंब पत्र्यावर पडले, तेव्हा कुठे तिला श्वास घ्यायची आठवण झाली.

"या सीटवर तू असलीस ना," तो एकदा परतताना म्हणाला, "की रस्ता कमी पडतो."

"मग लांबचा रस्ता धरा."

"येशील?"

"आधी नीट विचारा तरी..."

त्याचा हात गिअरवर होता. तो तिथेच राहिला. "विचारेन," तो म्हणाला. "एक-दोन गोष्टी मार्गी लागल्या की विचारेन."

त्या दिवशी तिने घोळ केला. खाणीवर गाडी अगदी मनासारखी जमली होती. गॅरेजमध्ये येऊन ठिपके द्यायच्या आधी तिने मागची दोन्ही चाकं एकेक खटका कडक करून ठेवली, अन् मग त्या चुकीच्या जागी ठिपके समोरासमोर दिले. म्हणजे त्याने यदाकदाचित चाक फिरवलं नाही, तरी गाडी आपटेल. आपटली तर तो येईल. आला तर विचारेल. मांजर डोळे मिटून दूध पितं. इथे तर दोन मांजरं एकाच भांड्यात तोंड घालून बसली होती, अन् दोघांचेही डोळे मिटलेले.

संध्याकाळी बापाने हात धुता धुता विचारलं, "विचारणार आहे का तो?"

"विचारेल."

"घरी कोण कोण आहे त्याच्या?"

तिने त्याच्यापुढे फडकं धरलं.

"बाळा, जुना टायर घेताना तू चार जणांना विचारतेस, कुणी वापरला, किती चालला, कुठे फाटला होता. अन् माणूस..."

"माणूस म्हणजे टायर नाही, बाबा."

"तेच म्हणतोय."

तिला राग आला. खऱ्या बोलण्याचा येतो तसा. पण तिने मनाशी ठरवलं होतं. आता आला अन् विचारलं, तर हो म्हणायचं. डोंगरावर तर डोंगरावर. तिथेही गाड्या बिघडतातच की.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो आला नाही. दोन दिवसांनी आला, भर दुपारी. जीप दारात थांबली, तिने फडक्याला हात पुसले, केस मागे सारले, अन् बाहेर आली. तर तिच्या सीटवर एक म्हातारी बसलेली.

म्हातारी काटक, नाक सरळ, नजर त्याहून सरळ. उतरताना तिने कुणाचा हात धरला नाही. तो स्टिअरिंगमागेच बसून राहिला, डोळे खाली. दाढी वाढलेली.

"शॉकअप बसवलेत ते तूच का?" म्हातारीने विचारलं.

"हो, मावशी. मीच."

"जावई म्हणाला, आता गाडी झोपाळ्यासारखी जाईल. झोपाळा कसला, सूप आहे ते. माझ्या लेकीला सुपात पाखडत आणली खाली."

जावई हा शब्द कानात गेला, पण आत पोचायला त्याला वेळ लागला.

"जावई?"

"हा बसलाय तो. दुसरा कोण." म्हातारीने गाडीकडे हात केला. "लेक दोन वर्षं पडून आहे माझी. पाठीचा मणका. वरच्या पायऱ्यांवरून पडली. आता कुठे सांधत आला होता. डॉक्टरला दाखवायला न्यावी लागते ना अधूनमधून, म्हणून तर हे शॉकअप घेतले. परवा एकाएकी कळा सुरू झाल्या, तशीच मागे निजवली अन् आणली. वाटेत ओठ चावून चावून रक्त काढलं तिने, पण ओरडली नाही. माझी लेक आहे. इथे आलो तर डॉक्टर म्हणे, सांधत आलेलं परत हललं. दणक्यांनी. आता पहिल्यापासून."

आतून बाप बाहेर आला. त्याने लेकीकडे पाहिलं, जीपमधल्या माणसाकडे पाहिलं, अन् म्हातारीपुढे स्टूल सरकवलं. "बसा, ताई."

"बसायला नाही आले. उद्या लेकीला घरी न्यायचीय. निजवून, जराही न हलवता. डॉक्टर म्हणे, अँब्युलन्स त्या चढाला येणार नाही. मग म्हटलं, ज्या हाताने बसवलं त्याच हाताने नीट करून घ्यावं." ती परत हिच्याकडे वळली. "होईल का तुझ्याच्याने?"

"होईल," ती म्हणाली.

तिने जॅकही लावला नाही. तशीच पाठीवर सरकत गाडीखाली गेली. तिथे अंधार होता, चिखलाचा वास होता, अन् कुणाला तिचं तोंड दिसत नव्हतं, एवढं बरं होतं. तिने बॅटरी लावली. ठिपके एका घराने सरकलेले. तो खटका त्याचा. अन् सरकलेला ठिपका जिथे असायला हवा होता, ती जागाच एका घराने चुकलेली. तो खटका हिचा. दोघांनी मिळून किती लाडाने फिरवले होते. एकाने यायला, दुसरीने बोलवायला.

बाहेर त्याचे बूट दिसत होते. गाडीतून उतरून तो तिथेच घोटाळत होता. तिने त्या बुटांकडे बघत मागची दोन्ही चाकं बरोबर जागी आणली. मग थांबली. ही जागा बरोबर होती ती शेजारी बसणाऱ्या बाईसाठी. मागे निजणाऱ्या बाईची जागा तिने कधी मोजलीच नव्हती.

ती बाहेर आली. टायरांतली थोडी हवा सोडली. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर वजन पडून गाडी खाली बसावी म्हणून मागे वाळूची दोन पोती टाकली, अन् पोत्यांवर जीपमधलीच त्या बाईची गादी नीट पसरली.

"खाणीवर चला," ती त्याला म्हणाली. "तुम्ही चालवा. मागे मी निजते."

"तू कशाला? पोतं ठेवू की..."

"पोतं सांगत नाही कुठे लागलं ते."

म्हातारी स्टुलावर बसली. "जा," ती जावयाला म्हणाली. "सांगते तसं कर."

खाणीचा रस्ता तोच. फक्त आज तिला रस्ता दिसत नव्हता, गाडीचं छप्पर दिसत होतं. गादीला मलमाचा वास, उशीला दुसऱ्या बाईच्या तेलाचा. ठरलं होतं असं, की दणका बसला की तिने पान्याने पत्र्यावर वाजवायचं अन् त्याने थांबायचं.

खाणीचं पहिलं वळण गेलं. मग तो पुढूनच म्हणाला, "मी सांगणार होतो."

"कधी?"

"रोज."

"रोज सांगणार होता, म्हणजे रोज नाही सांगितलं."

"पहिल्याच दिवशी तोंडावर आलं होतं. मागे कुणी निजलं तर, असं विचारलंही मी. तू हसलीस अन्... मला कितीतरी दिवसांनी कुणीतरी हसवलं होतं गं. वाटलं, आजच्या दिवस राहू दे."

ठण्.

तो थांबला. ती उतरली, खाली सरकली, डावीकडे एक खटका फिरवला, परत येऊन निजली.

"चला."

"तिच्याशी माझं वाईट नाही," तो म्हणाला. "वाईट असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. दोन वर्षं घरात बोलणं म्हणजे गोळी घेतली का, कूस बदलायची का. ती बिचारी तरी काय बोलणार. मग त्या पावसात तू बसलीस, अन् मला वाटलं की माझ्याही आयुष्यात —"

ठण्.

परत ती उतरली. या वेळी पुढच्या शॉकअपच्या चाकांना हात घातला. परत येताना त्याच्या खिडकीवरून गेली, पण पाहिलं नाही.

"मी म्हणत होतो..."

"ऐकलं मी. चला."

गाडी दगडांवरून सावकाश चालली. पुढून त्याचा आवाज आला, अगदी बारीक. "त्या दिवशी सकाळी मी एकच खटका फिरवला होता. खाली यायचं होतं ना, म्हणून. मग हिला कळा सुरू झाल्या अन् मी सगळं विसरलो. घाट उतरताना आठवलं. थांबून सरळ करावं, तर सासूबाई म्हणणार, थांबलास कशाला, खाली वाकून काय करतोस. काय सांगू? मी थांबलो नाही. पण एकच खटका गं. एका खटक्याने एवढं होतं का?"

"एका खटक्याने नाही होत," ती छपराकडे बघत म्हणाली. "दुसरा माझा होता."

गाडी मंदावली अन् थांबली. या वेळी पान्याने कुणी वाजवलं नव्हतं.

"तुझा?"

"ठिपके बरोबर होते, जागा चुकीची होती. मी ठेवली होती. गाडी आपटावी, अन् तुम्ही परत यावं म्हणून."

एखादी पोरगी असलं बोलते ती कधी बोलते? हात हातात असताना बोलते, जीभ अडखळत बोलते, अन् पुढे जन्मभर त्या आठवणीवर जगते. हिने ते गाडीच्या पत्र्याला सांगितलं, दुसऱ्या बाईच्या गादीवर पडून. अन् जे ऐकायला त्याने महिनोन् महिने चाक फिरवलं होतं, ते त्याला आता ऐकू आलं. पुढून आवाज आला. नाक ओढल्याचा.

"म्हणजे तुला पण..."

"हो. मला पण. चालवा आता, मावशी वाट बघतायत."

"त्या सीटवर तुला जे काही बोललो, त्यातलं काही खोटं नव्हतं."

"खोटं नसेल. पण सगळं तिच्या पाठीवर चाललं होतं. आपण पुढे बसून हसत होतो, अन् दणके तिच्याकडे जमा होत होते."

"मी काय करू, सांग ना. तू सांगशील ते करतो."

"खड्डा दिसला की वेग कमी करा."

आणखी काही फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीत पान्याला पत्र्याला शिवायची गरज पडली नाही. गाडी दगडांवरून अशी गेली, जसा आईचा हात झोपलेल्या पोराच्या पाठीवरून जातो. एवढं चांगलं काम तिने आजवर केलं नव्हतं. ती डोळे मिटून पडून होती, अन् डोळ्यांतलं पाणी दोन्हीकडून कानांत उतरत होतं. ते पुसायला तिने हात उचलला नाही. हात उचलला असता तर आरशात दिसला असता.

गॅरेजमध्ये आल्यावर ती पकड घेऊन परत गाडीखाली गेली, अन् शॉकअपच्या चारही छोट्या चाकांचे बोटाने धरायचे कान एकेक करून मोडून टाकले. कट्. कट्. नव्या कोऱ्या शॉकअपचे. आता ती चाकं कुणाच्याही अंगठ्याने फिरणार नव्हती.

"काय मोडलंस गं?" म्हातारीने विचारलं.

"नको असलेलं होतं, मावशी. कुणी चुकून फिरवू नये म्हणून."

तो बाजूलाच उभा होता. त्याने ते मोडलेले तुकडे जमिनीवर पाहिले. अन् जाऊन गाडीत बसला.

ती मागे नळावर हात धूत होती तेव्हा म्हातारी तिच्याजवळ आली. आवाज खाली आणला.

"गेले काही महिने जावई खाली येताना भांग पाडायला लागला होता. मी म्हटलं, हे कुणासाठी? तलावातल्या माशांसाठी?"

तिच्या हातातला साबण निसटला. "मावशी, मला ठाऊक नव्हतं. शपथ."

"दिसलं मला. ठाऊक असतं तर तिच्या गादीवर निजायची तुझी छाती झाली नसती. मी बघायलाच आले होते, कोण आहेस ते."

"पण एक चूक माझीही आहे. मी त्या चाकाला..."

"नको सांगूस. चूक दोघांची असते अन् भोगायला तिसरी असते. हे मला तुझ्याकडून शिकायचं नाहीये." म्हातारीने साबण उचलून तिच्या हातात दिला. "अन् रडू नकोस. रडलीस तर मला तुझी दया येईल. आहे तेवढी मला माझ्या लेकीला पुरवायचीय."

"तिला सांगाल?"

"काय सांगू? की तुझा नवरा दुसरीकडे हसून येत होता, अन् तू इथे गोळ्या मोजत होतीस? तिची पाठ मोडलीय तेवढी पुरे." म्हातारी निघाली. दोन पावलं जाऊन थांबली. "काम चांगलं केलंस. तेवढं खरं ते खरं."

जीप दाराबाहेर पडली. दारापाशी नालीवर फरशी उंच बसवलेली होती. येणारी-जाणारी प्रत्येक गाडी तिथे उसळी मारायची. जीप तिच्यावरून गेली अन् नुसती श्वास घेतल्यासारखी वर-खाली झाली. म्हातारीने मागे वळून पाहिलं. त्याने नाही.

बाप फडक्याला हात पुसत तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. मी म्हटलं नव्हतं का, असं तो म्हणाला नाही. त्याबद्दल तरी त्याला मान द्यायला हवा. सगळे बाप एवढे शहाणे नसतात.

"परत कधी बोलावलंयस गाडीला?" त्याने विचारलं.

"नाही बोलावलं."

"काही खालीवर करायचं राहिलं असेल तर..."

"काही राहिलं नाही, बाबा. आपल्या धंद्यात ज्याचं काम जीव ओतून करावं, तो परत दारात येत नाही. आला तर समजायचं, काम कच्चं होतं."

बापाने मान हलवली. मग रस्त्यावर ताटकळत उभ्या असलेल्या पुढच्या गाडीला हात करून आत घेतलं. तिने पाना उचलला, पाठीवर आडवी झाली, गाडीखाली सरकली, अन् अंधार पडेपर्यंत कुणाला तिचे बूट सोडून काही दिसलं नाही.